पेटी पोचली, वाडी राहिली : चाकणच्या पश्चिमेचं ब्रॉडबँड

आजच्या विषयाचं नाव जरा रूक्ष आहे: ग्रामीण आणि आदिवासी भागातल्या ब्रॉडबँडचं नियोजन. एवढं नाव वाचूनही तुम्ही आलात, काही जण ऑनलाइन जोडले गेलात, म्हणजे एक तर तुम्ही या क्षेत्रातले आहात किंवा तुमच्या गावी रेंज येत नाही. दोघांचंही स्वागत.

आम्ही आज एका योजनेची समीक्षा करणार आहोत. समीक्षा हा शब्द मुद्दाम वापरतोय. कादंबरीची समीक्षा करताना लेखकाला काय सांगायचं होतं आणि पानावर प्रत्यक्ष काय उतरलं, हे आपण ताडून पाहतो. सरकारी योजनेचंही तसं करता येतं. योजना हाही मजकूरच. त्यात भूगोल असतो, पात्रं असतात, आणि काही माणसं त्यात मुळात आलेलीच नसतात. ती का आली नाहीत, हे शोधायचं काम समीक्षेचं.

आधी जागा नीट बघू. आपण बसलोय ते पिंपरी-चिंचवड. १९७० साली इथे नवनगरपालिका झाली, १९८२ साली महानगरपालिका. इथून नाशिक रस्त्याने निघालं की मोशी, कुरुळी, मग चाकण. महाळुंगे, खराबवाडी, निघोजे, नाणेकरवाडी या गावांच्या शेतजमिनींवर आज मोटारी आणि त्यांचे सुटे भाग बनतात. या पट्ट्यातल्या कुठल्याही मोठ्या कारखान्याच्या आयटी विभागात जाऊन विचारा, तुमच्याकडे इंटरनेट किती वाटांनी येतं? किमान दोन, असं उत्तर मिळेल. दोन वेगळ्या कंपन्यांचं, आणि ते काम करणारा माणूस शहाणा असेल तर दोन वेगळ्या रस्त्यांनी आलेलं. कुणाच्या जेसीबीने एक केबल तोडली म्हणून असेंब्ली लाइन थांबता कामा नये. यात कुणाला काही विशेष वाटत नाही. ही इथली रीतच आहे.

आता चाकण ज्या खेड तालुक्यात आहे, त्याच तालुक्याची पश्चिम बाजू बघा. ती थेट भीमाशंकरच्या डोंगरात जाते. भीमा तिथेच उगम पावते. चासकमान धरणाच्या वर, वाडा गावाच्या पुढे भोरगिरीकडे निघालं की रस्ता अरुंद होतो, आणि महादेव कोळी, ठाकर, कातकरी यांच्या वाड्या लागतात. शेजारच्या आंबेगाव तालुक्यात डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला तीच स्थिती, जुन्नरच्या पश्चिमेलाही तीच. चाकणहून हे सगळं गाडीने दोन-अडीच तासांवर. त्या वाड्यांमधली तरणी पोरं या पट्ट्यात कंत्राटी कामाला असतात. एका खोलीत चार-पाच जण राहतात, घरी आईच्या फोनचा रिचार्ज इथूनच मारतात. फोन लागतो की नाही, हा पुढचा प्रश्न. (आणि रिचार्जचा महिना २८ दिवसांचा असतो हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त नीट माहीत आहे. वर्षात तेरा महिने भरावे लागतात.)

अजून एक गोष्ट जाता जाता. भामा आसखेड धरण खेड तालुक्यातलं. त्याचं पाणी मोठ्या जलवाहिनीतून पुणे शहराच्या पूर्व भागात येतं. म्हणजे डोंगराच्या पायथ्यापासून शहरापर्यंत, माणूस आत उभा राहील एवढ्या जागेचा चर खणून सलग नळ टाकणं आपल्याला जमतं. उलट दिशेने बोटाएवढ्या जाडीची केबल न्यायची म्हटली की मात्र भूगोल आडवा येतो.

तर योजना. २५ ऑक्टोबर २०११ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘नॅशनल ऑप्टिकल फायबर नेटवर्क’ला मंजुरी दिली. देशातल्या सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती फायबरने जोडायच्या, प्रत्येकीला १०० एमबीपीएस, मुदत दोन वर्षं, खर्च अंदाजे २०,००० कोटी. पैसा यूएसओ फंडातला, म्हणजे दूरसंचार कंपन्यांच्या महसुलातून ग्रामीण सेवेसाठी जी ५ टक्के आकारणी होते त्यातला. ती कंपनी भरते असं म्हणायचं. शेवटी ती त्या तेरा रिचार्जमधूनच येते. २०१२ साली या कामासाठी बीबीएनएल ही कंपनी निघाली. २०१५ मध्ये सत्यनारायण समितीचा अहवाल आला आणि योजनेचं नाव ‘भारतनेट’ झालं. पहिल्या टप्प्यातल्या १ लाख ग्रामपंचायती पूर्ण झाल्याचं जाहीर झालं ते डिसेंबर २०१७ मध्ये. दुसऱ्या टप्प्यात महाराष्ट्राने काम स्वतःकडे घेतलं, त्याला ‘महानेट’ नाव दिलं. २०२१ मध्ये १६ राज्यांत खासगी भागीदारीचा बेत आखला. निविदा निघाल्या, त्यांना प्रतिसादच आला नाही. आणि ४ ऑगस्ट २०२३ रोजी १,३९,५७९ कोटींचा सुधारित भारतनेट मंजूर झाला.

दोन वर्षांचं काम बारा वर्षांनी नव्याने मंजूर होतं, खर्चाचा आकडा सातपट होतो, यावर तासभर हशा पिकवता येईल. पण ती सोपी टीका आहे. नव्या आकड्यात दहा वर्षांची देखभाल धरलेली आहे, कामाचा आवाकाही मोठा आहे, त्यामुळे दोन आकडे शेजारी ठेवणं पूर्ण न्यायाचं नाही. आणि खरं सांगायचं तर सह्याद्रीचा काळा पाषाण, चार महिन्यांचा पाऊस, त्यात अभयारण्य, म्हणजे उशीर होणारच होता. आमचा मुख्य आक्षेप उशिराला नाही. योजनेने ‘गाव’ या शब्दाचा जो अर्थ लावला, त्याला आहे.

योजनेत गाव म्हणजे ग्रामपंचायत, आणि ग्रामपंचायत म्हणजे ग्रामपंचायतीचं कार्यालय. तिथे एक पेटी बसवली, तिचा दिवा लागला, की ती ग्रामपंचायत ‘सर्व्हिस रेडी’. सरकारी तक्त्यातला हा शब्द आहे आणि फार लबाड शब्द आहे. रेडी म्हणजे तयार. सेवा द्यायला तयार. कुणी सेवा घेतली का, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. लग्नाला मुलगा तयार आहे एवढ्यावर आपण पंगत उठवत नाही.

सपाटीवर हे खपून जातं. बारामती-इंदापूरकडे, बागायती गावात, पंचायतीचं कार्यालय चौकात असतं, घरं भोवती असतात. पंचायतीत नेट आलं की पाचशे मीटरवर ते कुणीतरी ओढून नेतं, केबलवाला असतोच. आमच्या पश्चिमेला ग्रामपंचायत म्हणजे बऱ्याचदा गट ग्रामपंचायत. दोन-तीन गावं, त्यांच्या सात-आठ वाड्या, एक पठारावर, एक दरीत, एक धरणाच्या पाण्यापलीकडे. कार्यालय ज्या गावात आहे तिथून शेवटच्या वाडीला जायला पावसाळ्यात दीड तास चालावं लागतं. तक्त्यात मात्र त्या आठही वाड्या हिरव्या दिसतात, कारण त्यांच्या पंचायतीचा दिवा लागलेला आहे. म्हणजे ज्या भागासाठी ही योजना सगळ्यात गरजेची, त्याच भागात तिची मोजपट्टी सगळ्यात जास्त खोटं बोलते. हा काही कुणाचा कट नाही. दिल्लीत बसून मोजायला ग्रामपंचायत सोयीची असते, यादी तयार मिळते. वाड्यांची यादी तयार नसते, ती करावी लागते.

आता थोडं तांत्रिक, कंटाळू नका. पहिल्या टप्प्यातलं जाळं झाडासारखं होतं. तालुक्याच्या एक्स्चेंजमधून फायबर निघायचं, वाटेत स्प्लिटर लावून त्याच्या फांद्या करायच्या, प्रत्येक फांदीच्या टोकाला एका पंचायतीची पेटी. खर्च वाचावा म्हणून बरंचसं अंतर बीएसएनएलची आधी पुरलेली केबल वापरायची, आणि शेवटचा तुकडा तेवढा नवा टाकायचा. कागदावर हे हुशारीचं आहे. पण झाडाची फांदी तोडली की तिच्यावरची सगळी पानं जातात. रस्तारुंदीकरणात खाली कुठे घाव बसला, तर वरच्या सगळ्या पंचायती बंद. चाकणच्या कारखान्याला दोन वाटा आणि डोंगरातल्या दहा गावांना मिळून एक, तीही जुनी आणि ठिकठिकाणी सांधलेली. जिथे दुरुस्तीचा माणूस पोचायला दिवस लागतो तिथे एक वाट, आणि जिथे तो तासाभरात येतो तिथे दोन. नियोजन म्हणतात ते हेच असेल तर ते नेमकं उलटं झालंय.

आम्ही या भागात फिरलो तेव्हा एका कार्यालयात ती पेटी बघायला मिळाली. गावाचं नाव सांगत नाही, उगाच कुणावर गदा नको. भिंतीवर उंच ठोकलेली, आतल्या खोलीत. खोलीला कुलूप. ग्रामसेवकाकडे तीन गावांचा कारभार, त्यामुळे आठवड्यातले ठरावीक वार. बॅटरी केव्हाच गेलेली, आणि वीज गेली की सगळंच गेलेलं. पोरं कुठे होती, तर कार्यालयाच्या मागे टेकाडावर. तिथे एका खासगी कंपनीची एक-दोन कांडी रेंज येते. प्रत्येक वाडीला अशी एक रेंजची जागा असते, विहिरीइतकीच सगळ्यांना माहीत असलेली.

इथे आम्हाला एसटी आठवते. १ जून १९४८ ला पुणे-नगर मार्गावर पहिली एसटी धावली, आणि पुढच्या काही दशकांत ‘गाव तिथे रस्ता, रस्ता तिथे एसटी’ हे नुसतं ब्रीद राहिलं नाही, बऱ्याच अंशी खरं झालं. एसटीच्या नियोजनात एक गोष्ट आहे जी भारतनेटच्या नियोजनात नव्हती. मुक्कामी गाडी. संध्याकाळी शेवटच्या गावात जायची, चालक-वाहक तिथेच देवळात किंवा शाळेच्या पडवीत झोपायचे, पहाटे पहिली फेरी घेऊन निघायची. का? कारण कॉलेजला, दवाखान्याला, बाजाराला जाणाऱ्या माणसाला सकाळी लवकर निघायचं असतं, आणि त्याच्याकडे दुसरं काही नसतं. गाडीची वेळ माणसाच्या गरजेवरून ठरली. तिला डेपो आहे, डेपोत मेकॅनिक आहे. गाडी परत आली नाही तर कुणाला तरी कळतं.

याचा अर्थ किती मोठा आहे ते ३० जुलै २०१४ ला दिसलं. आंबेगाव तालुक्यातल्या माळीणवर डोंगर आला. दीडशेच्या वर माणसं गेली. त्या दिवशी बाहेरच्या जगाला हे कळलं ते एसटीच्या चालकामुळे. तो नेहमीच्या फेरीवर गेला आणि त्याला गाव दिसेना. नॅशनल ऑप्टिकल फायबरच्या मंजुरीला तोवर पावणेतीन वर्षं झाली होती. इंटरनेटने डोंगर थांबला नसता, हे आम्हाला कळतं. तसा दावा कुणी करू नये. पण एखादं गाव नाहीसं झालं हे ज्या यंत्रणेला आपोआप कळलं ती ऐंशी किलोमीटरच्या वेगानेही न धावणारी लाल गाडी होती, कारण तिचं त्या गावाशी रोजचं काम होतं. ग्रामपंचायतीतली पेटी बंद पडली तर तिची अशी वाट बघणारं कोण आहे? खरा निकष हाच असायला हवा होता.

कुणी म्हणेल, वाड्यांमधली माणसं नेटशिवाय जगत होतीच की. जगत होती. पण गेल्या दहा वर्षांत सरकारनेच त्यांना नेट लावायला भाग पाडलंय. हा मुद्दा आमच्या मते सगळ्यात गंभीर आहे, आणि ब्रॉडबँडच्या चर्चेत तो जवळपास येतच नाही. रेशन घ्यायचं तर ई-पॉस मशीनवर अंगठा, त्याला नेट. मशीन खांद्यावर घेऊन रेंजच्या जागी जाणारे दुकानदार आणि त्यांच्या मागे पिशव्या घेऊन निघालेल्या म्हाताऱ्या, हे दृश्य आदिवासी पट्ट्यात नवीन नाही. रोजगार हमीच्या कामावर १ जानेवारी २०२३ पासून मोबाइल ॲपवरच हजेरी सक्तीची झाली, दिवसातून दोनदा फोटो. फोटो चढला नाही की हजेरीचा वाद, हजेरीचा वाद की मजुरी अडकली. अंगणवाडी सेविकेला २०२१ पासून पोषण ट्रॅकर. शेतकऱ्याला त्याच वर्षीपासून ई-पीक पाहणी, तीही शेतात उभं राहून. २०२० च्या टाळेबंदीत ‘शाळा बंद पण शिक्षण आहे’ असा कार्यक्रम झाला. वाडीतल्या मुलांच्या वाट्याला त्यातला पहिला अर्धाच भाग आला. यापुढे आश्रमशाळेचा प्रवेश, शिष्यवृत्तीचा अर्ज, जातपडताळणी.

एका खात्याने नेट गृहीत धरलं आणि दुसऱ्या खात्याने ते पोचवलं नाही, एवढंच हे नाही. ज्यांनी नेट मागितलं नव्हतं त्यांच्याकडून सरकार नेटवरचा पुरावा मागतं, तो नसेल तर दंड त्यांनाच, मजुरीतून किंवा धान्यातून. कारखान्याच्या मालकाचं नेट बंद पडलं तर तो कंपनीकडून करारानुसार पैसे वळते करून घेतो. मजुराचा करार कुणाशी आहे?

कातकऱ्यांचं तर आणखी वेगळं आहे. मावळ, मुळशी, खेड, जुन्नर या तालुक्यांत त्यांच्या वस्त्या आहेत. महाराष्ट्रातल्या तीन आदिम जमातींपैकी ही एक. कोलाम आणि माडिया गोंड या दुसऱ्या दोन. दिवाळीनंतर यातली कित्येक कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात, पाऊस तोंडावर आला की परततात. म्हणजे वर्षातले सहा-सात महिने ती त्यांच्या ग्रामपंचायतीत नसतातच. असतात कुठे, तर बऱ्याचदा याच शहरांच्या कडेला, जिथे चारी बाजूंना टॉवर आहेत आणि हातात असलाच तर एक साधा फोन. तुम्ही कातकरीवाडीपर्यंत फायबर नेलंत तरी निम्मं वर्ष तिथे ते वापरायला माणूस नाही. उलट भट्टीवर नेट आहे, पण मुलांची शाळा, रेशनकार्ड, लसीकरणाची नोंद गावी. यांच्यासाठी जोडणी म्हणजे काय, हा प्रश्न केबलच्या लांबीने सुटत नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम-जनमनमध्ये या समूहांच्या वस्त्यांसाठी मोबाइल टॉवर धरलेत, ते चांगलंच आहे. वस्ती हे एकक पहिल्यांदा कुठेतरी आलं. पण स्थलांतर तिथेही हिशेबात दिसत नाही.

महाराष्ट्राने यापूर्वी काय केलं तेही बघायला हवं, कारण आपल्याकडे दर दहा वर्षांनी ‘पहिलं डिजिटल गाव’ जन्माला येतं. १९९८ मध्ये वारणेचा ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प निघाला, कोल्हापूर-सांगलीतली सत्तरेक गावं. गावोगावी संगणक ठेवले. पुढे अभ्यासकांनी पाहिलं तर त्यांचा मुख्य उपयोग होत होता ऊसाच्या नोंदी, वजन, पैसे यांसाठी. बाकी शेतीमाहिती वगैरे मागे पडली होती. मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या मंडळींनी मग काही गावांत संगणकाच्या जागी साधा एसएमएस लावून पाहिला, आणि काम भागलं. कुणी याला अपयश म्हणतं. आम्ही म्हणत नाही. जाळं तिथे टिकलं कारण त्यावरून लोकांच्या मालकीची एक गोष्ट जात होती, आणि त्या गोष्टीमागे कारखाना होता, सभासद होते, वार्षिक सभेत ओरडणारे होते. आमच्या पश्चिमेला हिरडा आहे, भात आहे, नाचणी-वरई आहे. पण ओरडायला वार्षिक सभा नाही.

मग मेळघाटातलं हरिसाल. २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या मदतीने डिजिटल गाव म्हणून ते गाजलं. २०१९ च्या लोकसभा प्रचारात राज ठाकरे यांनी भर सभेत हरिसालचे व्हिडिओ लावले, आणि ‘लाव रे तो व्हिडिओ’ हे वाक्य घराघरात गेलं. सरकारने आपली बाजू मांडली. दोन्ही बाजूंनी भरपूर बोललं गेलं, आणि आम्हाला आश्चर्य वाटतं ते हे की त्या सगळ्या गदारोळात एकच साधा आकडा कुणी मागितला नाही: महिन्यातले किती दिवस नेट चालतं? आदर्श गावाची हीच अडचण असते. ते दाखवण्यासाठी असतं, त्यामुळे भांडणही दाखवण्यावरून होतं.

त्या मानाने पालघरचं काम शांतपणे झालं. आयआयटी मुंबईच्या ‘ग्राममार्ग’ प्रकल्पात प्रा. अभय करंदीकर आणि त्यांच्या गटाने खामलोली परिसरात टीव्हीच्या न वापरलेल्या फ्रिक्वेन्सीवर वाड्यापाड्यांपर्यंत सिग्नल नेऊन पाहिला. ही फ्रिक्वेन्सी झाडीतून बऱ्यापैकी आरपार जाते, हा तिचा गुण. पुढे २५ गावांत परवाना न लागणाऱ्या ५.८ गिगाहर्ट्झवर वायफायचे दुवे उभे केले. फायबर जिथे संपतं तिथून पुढे हवेतून, आणि खर्चात-मालकीत पंचायतीचा वाटा. २०१७ मध्ये मोझिलाचं आंतरराष्ट्रीय बक्षीसही मिळालं. आमची तक्रार एवढीच की एका राज्याच्या संस्थेने त्याच राज्याच्या आदिवासी जिल्ह्यात हे करून दाखवलं, आणि राज्याच्या मोठ्या योजनेचा आराखडा मात्र त्याच्याकडे न बघता पंचायतीच्या भिंतीशी थांबला.

सुधारित भारतनेटबद्दल न्यायाने बोललं पाहिजे. त्यात झाडाऐवजी कडं आहे, म्हणजे एका बाजूने केबल तुटली तर दुसऱ्या बाजूने नेट येत राहील. दहा वर्षांच्या देखभालीची जबाबदारी कंत्राटातच घातली आहे. हे दोन्ही धडे बरोबर घेतलेत. पण कडं हे ग्रामपंचायतींचं आहे. पंचायतीपलीकडच्या सुमारे ३.८ लाख गावांना जोडणी मिळेल ती ‘मागणीनुसार’. आणि वाड्या? गावाच्या यादीत नाव असेल तर मागणी. यादीत नाव नसेल तर काय, ते योजनेच्या मजकुरात शोधावं लागतं, आणि सापडत नाही.

मागणीनुसार हा शब्द ऐकायला लोकशाहीवादी वाटतो. पण ज्याच्याकडे नेट नाही त्याने ऑनलाइन मागणी नोंदवायची, हा विनोद बाजूला ठेवला तरी मागणी कुणाची धरायची? बाजाराच्या भाषेत मागणी म्हणजे पैसे भरू शकणारं गिऱ्हाईक. तसं पाहिलं तर पठारावरच्या चाळीस घरांची मागणी शून्य येईल, आणि रोजगार हमीच्या हजेरीसाठी, रेशनसाठी त्यांना लागणारं नेट कुठल्याच रकान्यात बसणार नाही.

आता जी गोष्ट आम्हाला सगळ्यात महत्त्वाची वाटते, ती. वाडी मोजायची कशी, हे कायद्याने आधीच सांगून ठेवलंय. १९९६ चा पेसा कायदा. त्यात गावाची व्याख्याच वस्तीपासून सुरू होते: एखादी वस्ती, वस्त्यांचा समूह, पाडा किंवा पाड्यांचा समूह, जिथला समाज आपल्या परंपरेप्रमाणे आपला कारभार पाहतो. महाराष्ट्राने २०१४ मध्ये नियम केले, आणि वाडी-पाड्याला स्वतःची ग्रामसभा मागता येऊ लागली. २०१५ पासून आदिवासी उपयोजनेच्या निधीतले ५ टक्के थेट पेसा ग्रामपंचायतींना मिळतात, अबंध निधी म्हणून. वनजमिनीचा अडथळा सांगितला जातो, तर २००६ च्या वनहक्क कायद्याचं कलम ३(२) उघडा. शाळा, अंगणवाडी, रेशन दुकान यांच्यासोबत तिथे वीज आणि दूरसंचाराच्या वाहिन्या स्पष्ट लिहिल्यात. एका कामाला एक हेक्टरपेक्षा कमी जमीन, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं पडायची नाहीत, आणि ग्रामसभेची शिफारस हवी. अभयारण्याच्या हद्दीत वन्यजीवच्या परवानग्या वेगळ्या लागतात, ते खरं. पण हद्दीबाहेरच्या वाडीलाही जेव्हा ‘फॉरेस्टमुळे अडलंय’ असं सांगतात, तेव्हा कलम ३(२) चा ठराव केव्हा मागितला होता, हे विचारायला हवं.

म्हणजे व्याख्या आहे, निधी आहे, परवानगीची वाट आहे, तंत्र पालघरला करून झालंय, आणि केंद्राची योजना आहे. यातलं प्रत्येक वेगळ्या टेबलावर. पेसा पंचायत समितीत, उपयोजना घोडेगावच्या आदिवासी प्रकल्प कार्यालयात, वनहक्क प्रांताकडे, फायबर बीएसएनएलकडे. यांना एका नकाशाभोवती बसवणं हे नियोजन. आत्तापर्यंत झाली ती केबलची खरेदी.

एक गुंता मात्र आहे, तो लपवून चालणार नाही. पुणे जिल्ह्यात अनुसूचित क्षेत्र आहे ते आंबेगाव आणि जुन्नर या दोन तालुक्यांच्या पश्चिम भागात. खेड तालुक्याच्या पश्चिमेचे महादेव कोळी, ठाकर, कातकरी त्या रेषेच्या बाहेर राहतात. चाकणचा तालुका तो. म्हणजे राज्यातला एवढा मोठा औद्योगिक पट्टा ज्या तालुक्यात, तिथल्याच आदिवासी वाड्यांना पेसाची व्याख्याही नाही आणि अबंध निधीही नाही. त्यांच्यासाठी वनहक्काचं कलम आणि साधी ग्रामसभा एवढंच हातात उरतं.

इथे कुणीतरी सीएसआरचं नाव काढणारच, पट्टाच तसा आहे. कंपनी कायद्याखाली नफ्याचे २ टक्के. शाळांना स्मार्ट टीव्ही, टॅब, संगणक खोल्या दिल्या जातात, उद्घाटनाचे फोटो छान येतात. द्या, आमची ना नाही. पण कारखान्यांकडे यापेक्षा मौल्यवान गोष्ट आहे, ती म्हणजे बंद पडू न देण्याची सवय. दोन वाटा ठेवायच्या, सुटा भाग आधीच आणून ठेवायचा, बिघाड किती मिनिटांत कळला याची वही ठेवायची. याच पट्ट्यात वायरिंग हार्नेस जोडणारी पोरं त्या डोंगरातून आलीत. फायबर सांधायला त्यांना शिकवणं अवघड नाही. वाडा गावात किंवा घोडेगावला चार माणसांचं दुरुस्ती केंद्र, एक सांधणी यंत्र, केबलचं एक ड्रम आणि पगार. एसटीच्या भाषेत, डेपो. टीव्हीच्या उद्घाटनाला जेवढी माणसं येतात तेवढी याच्या उद्घाटनाला येणार नाहीत, हे मान्य.

आता ग्रामसभा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, या तारखा ठरलेल्या. ठराव कसा लिहायचा हे आम्हाला सारखं विचारतात, म्हणून सांगतो. ‘गावाला इंटरनेट मिळावे’ असं लिहू नका, कारण उत्तर येईल की पंचायत सर्व्हिस रेडी आहे. वाडीचं नाव लिहा, घरं किती ते लिहा, रेशनचं मशीन कुठे नेऊन चालवावं लागतं ती जागा आणि अंतर लिहा. गेल्या तीन महिन्यांत पंचायतीतली पेटी किती दिवस बंद होती ते लिहा, आणि त्यासाठी आजपासून शाळेच्या फळ्यावर नाहीतर अंगणवाडीच्या वहीत रोज एक खूण करायला सुरुवात करा. भट्टीवर गेलेल्या कुटुंबांची संख्या वेगळी लिहा. वनजमीन मध्ये येत असेल तर त्याच सभेत कलम ३(२) ची शिफारस करून टाका. प्रत घोडेगावला, प्रत पंचायत समितीला, प्रत बीएसएनएलला, आणि तिन्ही ठिकाणांची पोच घ्या.

ऑनलाइन प्रश्नांची यादी इथे पडद्यावर दिसतेय. पहिला प्रश्न आलाय की आता उपग्रहावरून नेट येणार आहे तर केबल कशाला. येऊ दे, पण महिन्याचं बिल कोण भरणार ते आधी सांगा. चला, तिथूनच सुरू करू.